चित्रावरच्या या पांढऱ्या रेषा कसल्या? (जुन्या इंग्रजी साप्ताहिकाचं पान)

डबीतली सुई:

मंडळी, नमस्कार. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या रविवारी इथे इंग्लंडात लेस्टरजवळ एका शेतात कार बूट सेल (गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकायचा बाजार) होता. गेले होते इडलीपात्र मिळतंय का बघायला, आले चित्र घेऊन. चार पौंड. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'चं जोडपान आहे, मधलं मोठं आडवं. वरची तारखेची पट्टी कुणीतरी कापलेली, '१८६' एवढं उरलंय, शेवटचा आकडा कात्रीत गेला. चित्रात बंदर, धक्क्याला लागलेलं जहाज, उंच टोप्या घातलेल्या माणसांची तोबा गर्दी आणि वर भरून आलेलं आभाळ. आभाळाला फिकट निळा रंग, बायकांच्या झग्यांना गुलाबी.

घरी येऊन खिडकीच्या उजेडात धरलं तर चित्रात केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेषा दिसल्या. एक उभी, ढगांतून निघून डोलकाठीच्या शेजारून खाली येते आणि धक्क्यावरच्या एका गृहस्थाच्या टोपीतून आरपार जाते. दुसरी आडवी, पण ती अर्ध्यावर हरवते. दोन्ही पट्टी धरून ओढल्यासारख्या सरळ. घडीची खूण म्हणावी तर घडी वेगळीकडे आहे, आणि तिथे कागद तपकिरी झालाय. या रेषांवर कागद अगदी धड आहे, फक्त शाई नाही.

विकणारा म्हणाला, "एचिंग आहे." नवरा म्हणाला, "प्रिंटरचा हेड खराब असेल." उजव्या कोपऱ्यात खाली एक नाव आहे, ते लागत नाही, पण पुढचं 'एस सी' स्वच्छ वाचता येतं. डाव्या कोपऱ्यात आणखी काही अक्षरं एकमेकांत गुंतवलेली आहेत.

तर रेषा कसल्या, चित्रकार कोण आणि रंग तेव्हाचाच का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. फ्रेमवाल्याकडे शनिवारी जायचंय.

गोंधळी गणू:

एस सी म्हणजे सुप्रीम कोर्ट. चित्र जप्तीतलं दिसतंय, सांभाळा.

(गंमत केली हो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

ठसेवाली:

सुईताई, तुम्हाला चार पौंडांत घबाड मिळालंय. पैशांच्या हिशेबाने नव्हे, अशी पानं पुष्कळ फिरतात. पण त्या दोन रेषांसाठी मी तुमच्याकडून ते आठ पौंडांना घेईन.

मी प्रिंटमेकिंग शिकले, आता शिकवते. दरवर्षी मुलांना असं एखादं पान दाखवते आणि विचारते, की हे चित्र किती जणांनी कोरलं असेल? सगळी म्हणतात, एकाने.

आधी एचिंगचं. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोल खातात, शाई त्या खाचेत बसते आणि रोलरच्या जबर दाबाने कागदावर येते. अक्षरांचे खिळे (धातूचे सुटे टाईप) नेमके उलटे, त्यांच्या वर आलेल्या भागाला शाई लागते. म्हणून खिळे आणि तांब्याचा पत्रा एका दाबात छापता येत नाहीत. तुमच्या चित्राखाली ओळ छापलेली असेल, पाठीवर मजकूर असेल. आठवड्याला हजारोंनी अंक काढायचे तर चित्र अक्षरांच्याच फर्म्यात (खिळे आवळायच्या चौकटीत) बसायला हवं. ते बसतं लाकडाच्या ठशाने. तुमचं चित्र वुड एन्ग्रेव्हिंग आहे.

आमच्याकडे मुलं प्लायवर किंवा फळीवर कोरतात तो वुडकट. यात लाकूड आडवं कापतात, फांदीची चकती काढल्यासारखं, आणि त्या चकतीच्या तोंडावर कोरतात. फळीवर हत्यार लाकडाच्या रेषेबरोबर सुसाट जातं आणि रेषेला आडवं गेलं की लाकूड फाडतं. चकतीच्या तोंडावर त्याला सगळ्या दिशा सारख्या. न्यूकॅसलच्या थॉमस ब्युइकने अठराव्या शतकाच्या शेवटी हे तंत्र कुठल्या कुठे नेलं, तेही तांबं कोरायच्या हत्याराने, ब्युरिनने. त्याचं प्राण्यांचं पुस्तक १७९० चं, पक्ष्यांचं १७९७ आणि १८०४ असं दोन भागांत. अंगठ्याच्या पेराएवढ्या चित्रात पावसात भिजलेला म्हातारा, त्याचं कुत्रं आणि मागे कुंपण असा सगळा संसार मावतो.

लाकूड लागतं बॉक्सवुड. हस्तिदंतासारखं घट्ट आणि पिवळसर. इंग्लंडला बरंचसं तुर्कस्तान आणि काळ्या समुद्राकडून यायचं. मी सुरुवातीला हौसेने बाभळीच्या चकत्या घासून बघितल्या. आठवड्याभरात मधोमध तडा, पिझ्झाचा तुकडा काढावा तसा. नंतर पैसे साठवून बाहेरून बॉक्सवुडचा एक तुकडा मागवला, आगपेटीच्या दुप्पट. पहिली रेघ कोरली तेव्हा कळलं. भूस पडत नाही, नखाच्या कडेसारखी बारीक कुरळी साल निघते आणि आवाज जवळजवळ येतच नाही.

आता तुमच्या रेषा. हे झाड वाढतं मुंगीच्या पावलाने, खोड काही इंचांचं. त्याच्या चकतीतून चौकोन काढला तर तळहाताएवढा. मग जोडपान कसं करणार? तुकडे जोडून! आधी ते डिंकाने चिकटवत. १८६० च्या सुमारास चार्ल्स वेल्स नावाच्या लंडनच्या लाकूडकाम करणाऱ्याने तुकडे मागून पितळी नट-बोल्टने आवळायची युक्ती बसवली. मोठ्या चित्राला वीस-तीस तुकडेही लागत.

बोल्टची खरी गंमत अशी, की ते सोडवता येतात. सगळा ठसा आवळून चित्र त्यावर एकसंध काढून घ्यायचं. मग मुख्य कारागीर प्रत्येक सांध्यावरून जाणाऱ्या रेघा दोन्ही बाजूंना थोड्या थोड्या स्वतः कोरून ठेवणार, म्हणजे पुढच्याला कळावं की रेघ कुठल्या जाडीने आणि कुठल्या वळणाने जायची आहे. मग बोल्ट सोडायचे आणि तुकडे वाटून टाकायचे. ढग एकाला, पाणी दुसऱ्याला, गर्दी तिसऱ्याला. चेहरे बहुधा सगळ्यात मुरलेल्या हाताकडे. वाळूच्या गोल चामडी उशीवर तुकडा ठेवून, डाव्या हाताने तो फिरवत कोरायचं. दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा, त्यातून उजेड एकवटून तुकड्यावर पडतो. एका दिव्याभोवती तीन-चार जण, रात्रभर. एका माणसाला जे काम आठवडे लागलं असतं ते पहाटे तयार. परत बोल्ट आवळा, सांधे सारखे करा, छापखान्यात पाठवा.

सांध्यात जराशी फट राहिली, प्रवासात बोल्ट ढिला झाला किंवा लाकूड आक्रसलं, की त्या फटीला शाई लागत नाही. कागदावर उमटते पांढरी रेषा. तीच तुमच्याकडे आहे. आणि तुमच्या चित्रात सांधे दोनच नसणार, कितीतरी जास्त असणार. दिसतात ते फसलेले. बाकीचे आजही सापडू नयेत असे जुळलेत.

रंगाबद्दल माझं मत सांगते. साप्ताहिकाचे नेहमीचे अंक काळ्या शाईतच निघत. गुलाबी झगे बहुतेक अलीकडे कुणीतरी विक्रीसाठी रंगवलेत. रंग रेघेवरून बाहेर गेलाय का बघा.

ट्रेडलदादा:

ठसेवालीताई, वाचनखूण साठवली.

आमचा छापखाना होता सांगलीला. वडील, दोन जुळारी (खिळे जुळवणारे) आणि एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र. लग्नपत्रिका, बिलबुकं, देवस्थानची पावतीपुस्तकं. पत्रिकेवरचा गणपती म्हणजे झिंकचा ब्लॉक, खाली लाकडाचा ठोकळा ठोकलेला. खिळ्याची उंची साधारण २३ मिलिमीटर, आणि ब्लॉक तेवढाच भरायला पाहिजे. कमी भरला की वडील खाली सिगरेटच्या पाकिटाचा पुठ्ठा सारायचे. पावसाळ्यात ठोकळा फुगला की गणपती अक्षरांच्या वर यायचा आणि कागदाला भोक पाडायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, अपशकुन. वडील म्हणायचे, आर्द्रता.

म्हणून विचारतो. एक ठोकळा फुगला तर आमची ही गत, तर तीस तुकड्यांचा ठसा मशीनवर हजारो वेळा आपटल्यावर टिकत होता कसा?

आणि एक. आपल्याकडे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. दगडावर अक्षर आणि चित्र एकाच हाताने काढता येतं, खिळे पाडायची कटकट नाही. आपल्या जुन्या छपाईत अशी लाकडी कारागिरी मला फारशी दिसली नाही, ती त्यामुळे असेल का?

ठसेवाली:

दादा, सिगरेटचं पाकीट वाचून माझे सर आठवले, तेही तेच करायचे.

बरेचदा मूळ लाकूड मशीनवर जातच नसे. त्यावरून मेणाचा साचा घेऊन विजेच्या प्रक्रियेने तांब्याचं कवच चढवत, मागे शिशाचा मिश्रधातू ओतत आणि त्या धातूच्या ठशाने छापत. याला इलेक्ट्रोटाईप म्हणतात. 'ॲलिस इन वंडरलँड'ची जॉन टेनिएलची ४२ चित्रं अशीच छापली. लाकडं तिजोरीत पडून राहिली आणि १९८५ मध्ये लंडनच्या एका बँकेच्या तळघरात सापडली, जवळजवळ कोरी करकरीत. पण लाकडाला सांध्यावर फट असेल तर साच्यात तीही उतरते, म्हणून सुईताईंची रेषा धातूतूनही येऊ शकते.

शिळाप्रेसचं तुमचं म्हणणं मला पटतं. दगडावर चित्र काढायला चित्रकार पुरतो, इथे चित्रकाराच्या पुढे कोरणाऱ्यांची अख्खी पेढी लागते.

डबीतली सुई:

बाई गं! काल रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याचं पोस्टाच्या तिकिटांचं भिंग घेऊन बसले, ते साडेबारापर्यंत.

टोपीवाला गृहस्थ सापडला. रेषेच्या डावीकडे टोपीवरच्या रेघा विरळ आणि जाड, उजवीकडे दाट आणि बारीक. टोपीची कडसुद्धा रेषेवर अर्ध्या केसाने चुकते. म्हणजे एकाच माणसाची टोपी दोघांनी कोरली, आणि दुसऱ्याचा हात जास्त चांगला होता. (का पहिल्याला झोप आली होती?) ढगात मात्र लाख शोधूनही सांधा सापडला नाही, उभी रेषा सोडून.

रंग झग्याच्या बाहेर सांडलाय, म्हणजे नंतरचाच. पाठीवर मजकूर आहे, आणि बोट फिरवलं तर चित्राच्या गडद जागी कागद किंचित उठलेला लागतो.

आता सही. दोन सह्या म्हणजे दोन चित्रकार?

ठसेवाली:

'एस सी' म्हणजे लॅटिन 'स्कल्पसिट', 'याने कोरलं'. उजवीकडचं नाव कोरणाऱ्याचं किंवा त्याच्या पेढीचं. डावीकडची गुंतलेली अक्षरं चित्रकाराची असावीत. पेढीचं नाव असतं तिथेसुद्धा कोरणारे नोकर वेगळेच. डाल्झिएल बंधूंची पेढी १८३९ पासून लंडनमध्ये चालली. त्यांनी आपल्या कामाचे नमुने चिकटवून ठेवलेले ४९ अल्बम ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यांत सुमारे ५४,००० छापील नमुने. ते ऑनलाइन चाळता येतात, तुमची सही जुळवून बघा. खाली बहुतेक 'डाल्झिएल' एवढंच. टेबलावर कोण बसलं होतं ते नाही.

काम कसं चालायचं याचा अंदाज 'पंच' साप्ताहिकावरून येतो. बुधवारी रात्री जेवणाच्या टेबलावर संपादक मंडळी आठवड्याचं मोठं व्यंगचित्र ठरवणार. टेनिएल विचार करणार आणि लाकडावर काढणार, ६ एच पेन्सिलने, म्हणजे इतक्या कडक शिशाने की रेघ राखाडी धाग्यासारखी दिसावी. (त्याचा एक डोळा तरुणपणी तलवारबाजीत गेला होता. तरी ही नजर.) शुक्रवारी संध्याकाळी ठसा जोसेफ स्वेनच्या पेढीकडे. पुढच्या चोवीस तासांत तो कोरून तयार.

सगळ्यात जिवावर येणारं काम कुठलं माहितीये? चित्रकार छाया दाखवायला एकमेकींवर आडव्या-तिडव्या रेघा मारतो. त्याला दोन सेकंद लागतात. कोरणाऱ्याला त्या रेघा उभ्या ठेवून मधला प्रत्येक पांढरा ठिपका वेगळा उकरायचा. टाचणीच्या टोकाएवढे शेकडो चौकोन. मी एकदा दोन इंचांचा तुकडा हट्टाने असा कोरला. तीन दिवस लागले आणि नंतर महिनाभर मला जाळीचा पंखासुद्धा बघवेना.

ब्युइक असं करत नव्हता. तो काळ्यातून पांढरं काढायचा, स्वतःच्याच मनातलं. पुढच्या पिढीला दुसऱ्याची काळी रेघ जशीच्या तशी सांभाळायची होती.

उंटावरचा शहाणा:

एवढं कौतुक चाललंय म्हणून थोडं विरजण. या पेढ्यांनी चांगल्या चित्रकारांची वाट लावली हेही सांगा की. विल्यम ॲलिंगहॅम या कवीच्या पुस्तकासाठी १८५५ मध्ये दान्ते गाब्रिएल रॉसेटीने एक चित्र काढलं, डाल्झिएलनी ते कोरलं, आणि छापलेलं बघून रॉसेटी इतका वैतागला की ते पुस्तकात नकोच म्हणू लागला. वर मूळ रेखाटन कोरण्यातच नष्ट. बिचाऱ्याने तक्रार कशाच्या जोरावर करायची?

ठसेवाली:

शहाणे, उंटावरून खाली या, सांगते. रॉसेटीने लाकडावर शाई, पेन्सिल, पातळ रंग आणि वर रंगीत खडू असं सगळं मिसळून चित्र काढायचं आणि कोरणाऱ्याने ते निव्वळ काळ्या-पांढऱ्यात आणायचं! डाल्झिएल बंधूंनी आठवणींत हेच रडगाणं गायलंय, आणि मला ते खरं वाटतं. दुसरं म्हणजे, 'बिघडलेलं' तेच छापील चित्र बघून तरुण चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सने १८५६ मध्ये लिहिलं, की पुस्तकातलं याहून सुंदर चित्र आपण पाहिलेलं नाही. त्याने मूळ कुठे पाहिलं होतं? कोरलेलंच पाहिलं.

मूळ नष्ट व्हायचं हे मात्र कबूल. १८६० च्या दशकात चित्राचा फोटो लाकडावर उतरवायची सोय आली, तेव्हा कागदावरचं चित्र वाचू लागलं. मग चित्रकाराला आपलं मूळ आणि ठसा शेजारी ठेवून भांडता येऊ लागलं.

आणि ही पानं कोणी जपली ते बघा. विल्यम ल्यूसन थॉमस स्वतः लाकूड कोरणारा, त्याने १८६९ मध्ये 'द ग्राफिक' काढलं. पहिल्याच अंकात ल्यूक फिल्ड्सचं चित्र होतं, थंडीत निवाऱ्याच्या चिठ्ठीसाठी रांगेत उभ्या बेघरांचं. कादंबरीकार डिकन्स गेल्यावर १८७० मध्ये फिल्ड्सने डिकन्सची रिकामी खुर्ची काढली. हेगमध्ये राहणारा एक कफल्लक डच माणूस असली पानं वेडा होऊन जमवत होता, आणि १८८३ च्या सुरुवातीला त्याने 'ग्राफिक'चे २१ खंड एकदम विकत घेतले. व्हिन्सेंट व्हॅन गॉग. त्याच्या चित्रातली रिकामी खुर्ची आठवते ना?

ट्रेडलदादा:

मग हे सगळं संपलं कशाने? हाफटोनने?

ठसेवाली:

हो. फोटोवरून जाळीच्या ठिपक्यांचा ब्लॉक, म्हणजे तुमच्या छापखान्यात शेवटपर्यंत होता त्याचाच पूर्वज. १८८० च्या दशकात तो शिरला, पुढच्या दहा वर्षांत त्याने मैदान मारलं. १८९३ मध्ये डाल्झिएलची पेढी दिवाळखोरीत निघाली. शेवटच्या काळात या लोकांनी फोटोसारखं दिसावं म्हणून इतक्या बारीक रेघा कोरल्या की भिंगाशिवाय त्या रेघा आहेत हे कळत नाही. मला ती कामं बघून कसंतरीच होतं. हत्यार हातात असून ते लपवायचं.

डबीतली सुई:

शनिवारचा वृत्तान्त. सही अजून जुळली नाही, पण अल्बम चाळता चाळता मंगळवारची रात्र गेली आणि बुधवारी ऑफिसात जांभया दिल्या. उन्हाळ्यात न्यूकॅसलच्या बाजूला चेरीबर्नला जायचं ठरवलंय, ब्युइकचं जन्मघर तिथे जपलंय म्हणे.

फ्रेमवाल्याने पान पाहिलं आणि म्हणाला, कडा घाण आहेत, माऊंट आत घेतो, खालची अर्धी इंच पट्टी झाकून टाकू. त्या अर्ध्या इंचात 'एस सी' आहे! म्हटलं, अजिबात नाही. मग म्हणाला, पांढरी रेषा डोळ्यांत येते, जरा पेन्सिल फिरवून देऊ का, फुकट?

त्याच्या हातातलं पान मी काढूनच घेतलं. दुसऱ्या दुकानात दिलंय, कडेसकट. सहा पौंड जास्त.